दाजींची हिरवी पट्टी

सोलापुरात माझ्या नणंदेच्या यजमानांइतका भित्रा माणूस दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका पद्धतशीर भिणारा तर साऱ्या जिल्ह्यात मिळायचा नाही. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. टॉवेलच्या ज्या कारखान्यात मी माल रवाना करायचं काम बघते, तिथेच ते कॉम्प्युटर सांभाळतात, त्यामुळे ऑफिसातही ते दाजीच झाले. साप, चोर, भुतं यांचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती गप्प बसलेल्या गोष्टींची. कुकरची शिट्टी लांबली की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. न्हाव्याची कात्री क्षणभर थांबली की लगेच, "काय झालं?" पुण्याहून एसटीने येताना नणंदेला फोनवर फोन, "मोडनिंब गेलं", "मोहोळ आलं", आणि रेंज गेली तर शेजारच्या प्रवाशाला सांगतील, कारण कुणाला तरी कळलं पाहिजे. दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या की दाजी दारातून हाक मारायचे, "आई, झोपलाय का?" सासूबाई म्हणायच्या, "झोपले होते की!" तेवढं ऐकून दाजींचा जीव भांड्यात पडायचा. नणंद तर सांगते की लग्न लागताना भटजी पाणी प्यायला थांबले, तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून दबका आवाज आला होता, "अडकलं का काही?"

हे त्यांच्यात आलं ते मागांमुळे. त्यांच्या वडिलांचे यंत्रमाग होते आणि दाजी त्या खडखडाटातच वाढले. मागाचा आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. थांबला म्हणजे काहीतरी तुटलेलं असतं, धागा नाहीतर बोट. आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं अशाच घरांतली, आणि सगळ्यांच्या अंगात एकच नियम मुरलेला. यंत्र गप्प झालं की आधी बटण बंद करायचं, मग वाकून बघायचं. मागावर या नियमाने कितीतरी बोटं वाचली असतील. कॉम्प्युटरवर त्याच नियमाने आमचा घात केला.

झालं असं, की दाजींनी एक्सेलमध्ये एक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. ऑर्डर भरून बटण दाबलं की कुठल्या खोक्यात कुठले टॉवेल ते तो आपणच ठरवायचा आणि खोक्यांची लेबलं तयार करायचा. काम झकास, पण तो चालू असताना स्क्रीन पांढरीफटक पडायची आणि बाणही हलायचा नाही. पॅकिंगचे मुकादम मौलाभाई एकदा आत आले, त्यांनी ती मेल्यासारखी स्क्रीन बघितली, "दाजी, मशीन बंद पड्या" म्हणाले आणि इमानदारीने भिंतीतला प्लग ओढला. लेबलांच्या निम्म्या फायली नव्या झाल्या होत्या, निम्म्या आधीच्या ऑर्डरीच्याच राहिल्या. आम्ही ती लेबलं तशीच छापून खोक्यांवर चिकटवली. परदेशातल्या गिऱ्हाइकाने कळवलं, पुन्हा एकदा चूक झाली तर ऑर्डर कायमची बंद. आमचा शिलाईचा अख्खा हॉल त्या एका गिऱ्हाइकावर चालतो, आणि हॉलमध्ये निम्म्या बायका दाजींच्याच पेठेतल्या. त्यांचं काम गेलं तर येता-जाता त्यांची तोंडं दिसणार. दाजींना ताप भरला. मी भेटायला गेले तर पांघरुणातून म्हणाले, "मौलाभाईंचं काय चुकलं, वहिनी? मीच त्या मशीनला मुकं ठेवलं."

ताप उतरल्यावर त्यांनी मॅक्रोला बोलतं करायला घेतलं. आधी स्क्रीनच्या तळाशी, त्या अरुंद पट्टीत अक्षरं आणली, अमुक खोकी झाली, अमुक राहिली. मौलाभाई म्हणाले, "ये तो मुंगी के बराबर है. मेरे कू दिखताच नै." मग स्क्रीनच्या मधोमध चौकट आणली आणि तिच्यात डावीकडून उजवीकडे भरत जाणारी हिरवी पट्टी. पण दाजींच्या भीतीचं तेवढ्याने पोट भरेना. प्रत्येक खोक्याला पट्टी हलली पाहिजे, असं त्यांनी करून ठेवलं. परिणाम असा, की चहाच्या वेळात संपणारं काम जेवणाची सुट्टी उलटली तरी संपेना, कारण मॅक्रोचा सगळा वेळ आपण किती काम केलं ते सांगण्यातच जायला लागला. अशी माणसंही आमच्याकडे आहेत, पण त्यांना दुरुस्त करता येत नाही. मॅक्रो दुरुस्त झाला. थोडी थोडी खोकी झाली की एकदाच पट्टी सरकायची.

तरी ती कधी भरभर जायची, कधी रेंगाळायची. मालकांना ते आवडेना. म्हणाले, "दाजी, पट्टी नुसती एकसारखी सरकत राहू दे. आत काय चाललंय त्याच्याशी कुणाला घेणंय? माणसं शांत बसली म्हणजे झालं." मालकांचा फोन आला तरी खुर्चीतून उठून उभे राहणारे दाजी त्या दिवशी म्हणाले, "ते नको, मालक. आत मेलेलं असलं आणि वर पट्टी सरकत असली, तर कुणाला कळायचं?" मालक गेल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"वहिनी, मी बोललो का आत्ता?"

"बोललात."

"मालकांनाच?"

"त्यांनाच की."

"पाणी द्या जरा."

मग त्याच गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर आली. कंटेनर फाटकाशी उभा, खोकी भरून तयार, फक्त लेबलं यायची होती. ड्रायव्हर नातेपुत्याचा, दर थोड्या वेळाने खिडकीत येऊन म्हणायचा, "ओ ताई, अजून किती? बंदरावर माझ्यासाठी कोण थांबत न्हाय." माझी सगळी कागदपत्रं क्रमाने लावून झाली होती आणि करायला काहीच उरलं नव्हतं, ही माझ्यासाठी सगळ्यात वाईट अवस्था. पट्टी सरकत सरकत शेवटाजवळ आली आणि थांबली. हलेना. शिलाईच्या बायका एकेक करत दारात जमल्या. मालक म्हणाले, "अडकलंय ते. बंद करून परत चालू करा." मौलाभाई भिंतीकडे वळले, तोच चौकटीतली अक्षरं बदलली. दारातल्या एका बाईने ती मोठ्याने वाचली.

"आता सगळ्या फायली एकत्र होत आहेत. इथून पुढे किती वेळ लागेल ते मला सांगता येत नाही. भीती वाटेल. मलाही वाटते. बटणाला हात लावू नका."

दाजींनी ते कधी लिहून ठेवलं होतं, कोण जाणे. ते उठले, खुर्ची ओढत नेली आणि प्लगला पाठ लावून बसले.

मौलाभाईंनी विचारलं, "दाजी, सच बोलो. चालू है क्या मर गया?"

"माहीत नाही, मौलाभाई. इथं मलाही कळत नाही."

मौलाभाई खुर्चीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि मालकांना म्हणाले, "रुको सेठ. डर लगता बोलके जो मशीन खुद बोल रही, वो झूठ काय कू बोलेगी?" मालक टेबलाच्या कडेला टेकले. बायकाही बसल्या. भीती गेली नव्हती, पण ती आता सगळ्यांत वाटली गेली होती. किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही, आणि हे मी आयुष्यात क्वचितच केलंय.

प्रिंटरने घरघर करत पहिलं लेबल बाहेर टाकलं. मी यादीशी ताडलं, बरोबर होतं. दुसरं बरोबर, पुढची बरोबर. बायका हॉलकडे पळाल्या, लेबलं चिकटली, आणि ऊन कलायच्या आत कंटेनर फाटकाबाहेर पडला.

संध्याकाळी मीच दाजींना स्कूटरवर मागे बसवून घरी निघाले. एरवी मागे बसले की ते सतत बोलतात, खड्डा आला, रिक्षा आली, सिग्नल पडला. त्या दिवशी एक शब्द नाही. अर्धा रस्ता गेला आणि शेवटी मीच विचारलं, "दाजी, आहात ना मागे?"

"आहे की, वहिनी. चालवा तुम्ही. आज कसलीच भीती वाटत नाही."

पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत. कारखान्यात सगळे म्हणतात, बरं झालं, सुटले एकदाचे, आता निवांत झोपतील. मीही तसंच म्हणते. पण आम्हा सगळ्यांच्या वाटचं घाबरायला त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, ते मला अजून सुचलेलं नाही.