मानांग कोन्सिंगने न शिकवलेली शीर

निरोपाच्या जेवणाला मानांग कोन्सिंग यायची, पण घासाला शिवायची नाही. एखादी नर्स परदेशी निघाली की वॉर्डामागच्या व्हरांड्यात पान्सितच्या शेवयांची परात यायची, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात यायचा, कुणीतरी गाणी लावायचं. ही दाराशी खुर्ची ओढून हाताची घडी घालून बसायची. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "मयताच्या घरचं खाते मी. हे नाही. मेलेला निदान स्वतःच्या पायांनी जात नाही."

फिलिपिन्समधल्या आन्तिकेच्या सरकारी दवाखान्यातला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड या मुख्य नर्सनेच उभा केला होता. मानांग म्हणजे थोरली ताई, सगळ्या तिला तसंच म्हणायच्या. कॉलेजातून कोऱ्या पोरी यायच्या, काचेच्या पेटीला हात लावायलाही घाबरायच्या. ही त्यांना रागावून, रडवून तयार करायची. परदेशी दवाखान्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो. तो इथे झाला की डोंगरापलीकडे इलोइलो शहरातल्या हॉटेलात इंग्लंडची माणसं मुलाखती घ्यायला हजर! आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, त्यातला प्रकार. मानांग म्हणायची, स्वतःच्या पोरी शिकवायला यांच्याकडे पैसा नसतो, आमच्या न्यायला विमानाचं तिकीट मात्र असतं. एकदा उपकाराची फेड म्हणून त्यांनी सरावासाठी रबराचं बाळ पाठवलं. त्याच्या डोक्यावरची शीर सुतळीएवढी जाड. मानांगने ते झाडूंच्या कपाटात टाकलं.

नवजात बाळाची केसासारखी शीर शोधून त्यात सुई बसवणं ही खरी विद्या. मुलाखतीतही तेच आधी करून दाखवायला सांगत. मानांगच्या हे ध्यानात आलं, आणि तिने ते शिकवणंच बंद केलं.

"बाकी सगळं शिका," ती म्हणायची. "शिरेचं मी बघते."

पोरी मुलाखतीत नापास व्हायला लागल्या. मानांग मनातून खूश झाली. जोव्हलिन नावाची हुशार पोरगी तर दोनदा नापास होऊन परत आली, तेव्हा मानांगने तिला स्वतःच्या डब्यातला सुका मासा वाढला.

यंदा मात्र मानांगचा उजवा अंगठा थरथरायला लागला. ती कुणाला काही बोलली नाही.

एका दुपारी एक कोळीण ट्रायसिकल-रिक्षातून उतरली ती बाळंत होऊनच. बाळ तळहाताएवढं, निळं पडत चाललेलं. शहरापर्यंत ते टिकणार नव्हतं. मानांगने सुई घेतली. चुकली. पुन्हा घेतली, पुन्हा चुकली. आई भिंतीला धरून उभी होती आणि तिला सगळं दिसत होतं.

"मानांग, द्या इकडे," जोव्हलिन म्हणाली.

"तुला येत नाही."

"मग शिकवा ना! आत्ता!"

मानांगने दात-ओठ खात सुई तिच्या हातात दिली. "झोपव सुई. अजून झोपव. दाबू नकोस गं म्हशी, वाट बघ." सुईच्या मागे रक्ताचा थेंब आला, शीर सापडली. बाळ जगलं.

जोव्हलिनने मग ते काम पक्कं केलं, आणि पुढच्या मुलाखतीत पास झाली.

निरोपाच्या दिवशी ती ताट घेऊन दाराशी आली. "मानांग, एक घास तरी."

"उद्या बाळ आलं तर शीर कोण शोधणार? तुझं हे ताट?"

जोव्हलिनचा चेहरा उतरला, मग तापला. "रिझालिन आठवते? तिला तुम्ही शिकवलं नाहीत. राहिली का इथे? कुवेतमध्ये लोकांच्या फरश्या पुसते. नेरिसा हाँगकाँगला म्हातारीचं गू-मूत काढते. इथल्या पगारात कुणाचं भागतं, मानांग? जाणाऱ्या सगळ्या गेल्याच. तुम्ही फक्त त्यांना रिकाम्या हातांनी पाठवलंत."

कुणीतरी गाणं बंद केलं. मानांगला वाटलं, उठून हिच्या थोबाडीत द्यावी. ती उठली. पण रिझालिनची बोटं तिला आठवत होती. लांब, शांत बोटं होती त्या पोरीची.

ताट तिने घेतलंच नाही. परातीपाशी उभ्या असलेल्या शारीसकडे वळून ती खेकसली. शारीस याच आठवड्यात रुजू झाली होती.

"ए इंदाय, ए पोरी, खाणं पुरे. हात धू आणि सुई घेऊन ये."

शारीस धावत जाऊन सुई घेऊन आली, आणि काखोटीला मारून ते रबराचं बाळही.

"फेक ते," मानांग म्हणाली. खुर्चीत बसून तिने बाही वर सारली आणि आपला सुकलेला, थरथरता हात पुढे केला. "यात शोध. आणि पासपोर्ट काढला आहेस की नाही, ते मला सांगू नकोस."