अकरा वर्षांचा पॉज

देवापुढची समई विझली तर आमच्या घरात ती पुन्हा लावली जायची, कुणी काही बोलायचं नाही. पण माजघरातल्या टेबलाखाली काळी टेप गुंडाळलेला एक प्लग होता, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी लग्न होऊन गोव्यातल्याच डिचोलीहून पेडण्यात, तुयेजवळच्या ह्या घरात आले. माप ओलांडलं, केसांतल्या अक्षता अजून खाली पडायच्या होत्या, तेवढ्यात माझे मोठे दीर पुढे झाले. मला वाटलं, आशीर्वाद देतील. त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं आणि म्हणाले, "सुनीता, ह्या घरात सगळा तुझा. फकत ह्या प्लगाक हात लावू नको."

मला वाटलं, कुळाचाराचं काहीतरी असेल. तो होता टीव्ही गेम.

हे आमचे भावजी. ते गेले त्याला दोन पावसाळे झाले, पण अजून मिक्सर बंद पडला की मी आधी त्याच्या प्लगवर फुंकर मारते आणि मग स्वतःवरच वैतागते. ही त्यांचीच लावलेली खोड. टीव्ही गेमची कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारतात, हे त्या काळच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण भावजींनी त्याचं शास्त्र करून टाकलं होतं. रिमोट, इस्त्री, फ्रिज, माझा मोबाइल, सगळ्यांना एकच औषध. एकदा तुयेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना भावजींच्या छातीचे ठोके नीट ऐकू येईनात, तर भावजींनी तिच्या हातातली नळी घेतली, फुंकर मारली आणि "आता बघा" म्हणून परत दिली. वर म्हणतात, "आता ऐकूक येता ना?" बाई हो म्हणाली. काय करणार बिचारी!

भावजी डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या तसा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला तो राहिलाच. त्याच्यावर घोसाळ्याचा वेल चढला, टपावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. भावजींनी मग टीव्ही गेम दुरुस्तीचं काम सुरू केलं. आता पेडणे तालुक्यात असले जुने गेम उरले होते चार, आणि त्यातले तीन आमच्याच घरात. म्हणजे गिऱ्हाईक एक. पण त्यांचा थाट असा, की हातात पाना-स्क्रूड्रायव्हर घेतल्याशिवाय ते सकाळचा चहासुद्धा घेत नसत. पोटापाण्याला ते एका हार्डवेअरवाल्याचा टेम्पो चालवत, पण कुणी धंदा विचारला तर सांगत, "गेमचो."

मतं मात्र त्यांची दगडावर कोरल्यासारखी. पहिलं मत, सेव्ह करून खेळणारा माणूस विश्वासाचा नव्हे. आमच्या ह्यांच्या मित्राला मुलगी बघायला जायचं होतं, भावजींना सोबत नेलं. तिथे मुलीच्या भावाच्या हातात मोबाइलवरचा गेम. भावजींनी त्याला एकच प्रश्न विचारला, "मेलंस तर परत पयल्यापासून, का थयसून पुढे?" तो म्हणाला, तिथूनच पुढे. भावजी पोहे न खाता उठले. बाहेर आल्यावर मित्राला म्हणतात, "घराण्यात धीर नाय." लग्न झालंच म्हणा, आणि चांगलं चाललं आहे. पण भावजी शेवटपर्यंत त्यांच्या घरी जेवले नाहीत.

दुसरं मत, चौकोन दिसले पाहिजेत. नव्या गेममध्ये झाडाचं पान न पान दिसतं म्हणून आमचे हे कौतुकाने दाखवायला गेले, तर भावजी म्हणाले, "पाना बघूची तर मी अंगणात बसान. गेमात झाड म्हणजे तीन हिरवे चौकोन आणि एक तपकिरी. बाकीचा माणसाने मनात घालूचा." आणि खरं सांगू, त्यांच्या त्या चार चौकोनांच्या झाडाखाली मीसुद्धा कधीकधी दुपारची भांडी तशीच टाकून बसून राहायची.

तिसरं मत थोडं अनपेक्षित होतं. नव्यातलं काहीच आवडत नसलेल्या ह्या माणसाला, एकट्या-दुकट्याने घरी बसून केलेले गेम मात्र जीव की प्राण. "कंपनीने चूक केली तर ती चूक," ते म्हणत. "एकट्याने केली तर तो त्याचो हात." आमच्याकडच्या चित्रशाळेत गणपती करणाऱ्या काकांच्या मूर्तीचा डावा कान दरवर्षी थोडा मोठा व्हायचा, तो कान नसता तर भावजींनी मूर्ती घेतलीच नसती.

मोरजीला एक बेंगळुरूचा तरुण खोली घेऊन राहायचा आणि एकटाच गेम बनवायचा. त्याचा टीव्ही बिघडला, भावजी गेले, फुंकर मारली, ओळख झाली. त्याने कासवाचा गेम केला होता. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालते आणि लोक दोरी बांधून राखण करतात ना, तसंच. आपण वाळूत बसायचं. बस. दीड महिना खऱ्या वेळेत राखण करायची. मधे कधी एक कुत्रा येतो, त्याला हाकलायचं. बाकी काही होत नाही. ज्याला ज्याला दाखवला तो पाच मिनिटांत पळाला. भावजी दीड महिना बसले! टेम्पोवर जाताना मला राखण सांगून जायचे आणि मी लसूण सोलत कॉम्प्युटरवरच्या वाळूकडे बघत बसायची, मेलं नशीब माझं. शेवटच्या दिवशी अंडी फुटून पिल्लं समुद्राकडे धावली, आणि नेमके तेव्हाच दारात पाववाल्या पदेराचा भोंगा वाजला म्हणून भावजी पाव घ्यायला गेले होते. परत आले तर किनारा मोकळा. मला वाटलं, आता हा माणूस कॉम्प्युटर फोडणार. ते पाव हातात घेऊन पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, "पोचली म्हणजे झाला. माझ्यासमोरच जावक होयी असा काय आसा?" त्या गेमला त्यांनी तालुक्यातला एक नंबर देऊन टाकला.

आता तो प्लग.

भावजींना आणि माझ्या नवऱ्याला एक धाकटी बहीण, शाली. तुयेच्या एका कारखान्यात औषधांच्या पॅकिंगला होती. गेममध्ये भावजींपेक्षा दहा पट हुशार. लेबल निघून गेलेली एक कॅसेट होती, तिच्यात दोन चिमुकली माणसं खजिना शोधायला जमिनीत खणत जातात. भावजींचा हिरवा, शालीचा पिवळा. एका रविवारी दुपारी दोघं कधी नव्हे ते शेवटच्या मजल्यावर पोचली. तेवढ्यात शाली उठली. "दादा, पॉज कर. आयलंय हां," म्हणाली, चपला घातल्या आणि कारखान्यातल्या कोल्हापूरच्या मशीन ऑपरेटरबरोबर निघून गेली. आंबोली घाट चढून, कायमची. भावजी संध्याकाळपर्यंत रिमोट हातात धरून बसून होते. पळाली हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. येते म्हणाली होती ना ती.

सासऱ्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "घाटावर गेली ती आमका मेली. ह्या घरात तिचा नाव नको." नाव निघालं नाही. पण गेम पॉजवर राहिला. त्या जुन्या मशीनला आठवण म्हणून काही नसते. वीज गेली की सगळं पुसलं. म्हणून भावजींनी ट्रकची बॅटरी काढून आणली आणि वायरी जोडून मशीनच्या उशाशी ठेवली. रोज दिवाबत्ती झाली की ते टीव्ही लावायचे, हिरवा-पिवळा जागेवर आहेत बघायचे आणि टीव्ही बंद करायचे. मी एकदा चिडून विचारलं, "सेव्ह करणाऱ्यांना नावं ठेवता, आणि हे काय वेगळं?" म्हणाले, "सेव्ह केलेलो गेम कोणय उघडता. पॉज केलेलो त्याच दोघांचो आसता."

आणि सासरे? लाइट गेली की, आमच्याकडे ती जातेच, पहिली हाक त्यांची यायची, "अरे, बॅटरी चालू आसा मगे?" कशासाठी विचारता, हे त्यांना कुणी विचारत नसे.

मी आले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, शालीला जाऊन अकरा. चवथीचा दिवस उजाडला. गणपती आणायचा होता आणि टेम्पो सुरू होईना. भावजी चित्रशाळेत पाट घेऊन आधीच गेलेले. आमच्या ह्यांनी काय करावं? मशीनच्या उशाची बॅटरी उचलली, "अर्ध्या तासात आणून ठेवतो, दादाला कळणार पण नाही," म्हणाले आणि टेम्पोला लावून गेले. मला सांगितलं असतं तर! मी तर गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधण्यात. वर नारळ, सुपाऱ्या, रानातली कांगलां, सगळं टांगून झालं, दिव्यांची माळ सोडली, तिला प्लग हवा होता. माळ मागच्या वर्षीची; पिरगळलेल्या वायरींत तिच्याही प्लगला काळी टेप. घाईत टेबलाखाली हात घालून, न बघताच एक प्लग काढला, दुसरा लावला. दिवे लागले. बाई, काय छान दिसतंय, असं मी स्वतःशीच म्हटलंसुद्धा.

मग हातातल्या प्लगकडे लक्ष गेलं.

देवाशपथ सांगते, तोच होता तो. परत लावला, पण परत लावून काय होतंय? तेवढ्यात बाहेर घुमटं वाजली, गणपती दारात आला. भावजींच्या डोक्यावर पाट, चेहरा हसरा. त्यांच्या पायांवर घालायचं पाणी मी अर्धं भटजींच्या धोतरावर घातलं. पूजा झाली, आरती झाली, पानं वाढली, त्यात भाज्यांचं खतखतं वाढलं. भावजी जेवतायत आणि मी वाढतेय. देवासमोर चोर झाले मी त्या दिवशी.

दिवाबत्ती झाली. भावजींनी टीव्ही लावला. निळा पडदा. त्यांनी मशीनमध्ये फुंकर मारली. कॅसेट काढून फुंकर मारली. मग हळूच वायरीत फुंकर मारली. मला बघवेना.

"मी काढला प्लग," मी म्हटलं. आणि रडायला लागले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कितक्या वाजता?"

"साडेअकराला."

"म्हणजे जेवताना नव्हतोच तो," ते म्हणाले. "आणि मी खतखता दोनदा घेतला." एवढंच बोलून ते टेबलाला टेकून जमिनीवर बसले. पन्नाशीचा माणूस, सोवळं नेसलेला, मांडीवर रिमोट. आमचे हे बॅटरी हातात घेऊन दारात उभे, आत येण्याची हिंमत नाही.

सासरे खुर्चीतून उठून काठी टेकत आले. निळ्या पडद्याकडे बघितलं. "बंद पडलो?"

"पडलो," भावजी म्हणाले.

सासरे म्हणाले, "तिका फोन कर. सांग, तुझो गेम गेलो. येऊन काय ता बघ म्हण."

नाव घेतलं नाही, पण 'तिका' म्हणजे कोण हे विचारायला कुणी वेडं नव्हतं. भावजी उठले, कॅलेंडरच्या मागे लिहिलेला नंबर शोधायला लागले. आमच्या ह्यांनी गुपचूप मोबाइल काढला, त्यांच्याकडेही होता. माझ्याकडेही होता, मीही दर दिवाळीला तिला चोरून फोन करायची. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय, तोवर सासऱ्यांनी डोळे मिटून दहाच्या दहा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. न अडखळता. एवढंच नव्हे, शेवटचा आकडा भावजींच्या कॅलेंडरवर चुकीचा होता, तो दुरुस्त करायला लावला.

शाली तिसऱ्या दिवशी दुपारी आली. नवरा, एक मुलगी आणि पिशवीभर गूळ. उंबऱ्याबाहेरच उभी. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, जावयाला विचारलं, "घाटात पावस होतो?" जावई म्हणाला, "होता की, लई होता." "मगे भिजलास. आत ये," सासरे म्हणाले. तो आत आला, त्याच्या मागून लेकीचा हात धरून शाली आली, आणि मला हुंदका आवरला नाही, खोटं कशाला सांगू.

चहा झाल्यावर ती सरळ माजघरात गेली. गेम पहिल्यापासून सुरू झाला. भावजींचा हिरवा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडून मेला. परत सुरू केला, परत मेला. शाली ओरडली, "दादा, अकरा वर्सां काय करत होतंस?"

"पॉज धरून बसलो होतंय गो," भावजी म्हणाले. "खेळतलंय कधी?"

ती हसता हसता त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग तिच्या मुलीला हातात रिमोट हवा झाला, मग जावयाला. सासरे दारात खुर्ची टाकून बसले आणि पिवळ्याने कसं खणावं ते सांगू लागले. त्यांना काय कळतंय त्यातलं, पण कुणी थांबवलं नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन करून ती मंडळी निघाली. जायच्या आधी शाली आणि भावजी गेममध्ये तिसऱ्या मजल्यावर होते. भावजींचा अंगठा सवयीने पॉजवर गेला. शालीने त्यांचा हात धरला. "नको, दादा. बंद कर. दिवाळीक आयलंय की पयल्यापासून खेळूया."

भावजींनी तिच्याकडे बघितलं. मग मशीनचं बटण दाबलं. दाबलं, दाबलं, दाबलं. अकरा वर्षांत बटण आत गंजून बसलं होतं, ते हलेचना. बाहेर टेम्पो घुरघुरतोय, जावई हाका मारतोय.

भावजींनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सुनीता, हंय ये गो! तुका सराव आसा. काढ तो प्लग."

मी ओल्या हातांनीच धावले. पुसून मग काढला.