शकूमावशीचे निकाल

शकूमावशीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ती एका अजगराला शिव्या घालत होती. माझी बँकेतली बदली बनारसला झाली होती. बालाजी घाटामागच्या गल्लीत एका मराठी बाईंकडे वरची खोली रिकामी आहे, एवढंच कळलं होतं, म्हणून मी बॅग घेऊन जिना चढत होते. अर्ध्या जिन्यात आवाज आला, "हट! हट म्हटलं ना! मागून येतोस, लाज नाही वाटत?" घरात चोर शिरला असावा या समजुतीनं मी बॅग तिथंच टाकून धावले. आत लाकडी तख्तावर सत्तरीकडे झुकलेली एक बाई मांडी घालून बसली होती. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात गेमचा कंट्रोलर आणि समोरच्या टीव्हीवर हिरवागार अजगर. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "चप्पल बाहेर काढ, बेटा. आणि जरा वेळ बोलू नकोस. याला निपटवते, मग चहा करते."

अजगर काही लवकर निपटला नाही. चहा मीच केला.

मावशीचं सगळं आयुष्य त्याच गल्लीत गेलेलं. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे. ती स्वतः मुलींच्या शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. मराठी तिची घरातली. लाड करायची वेळ आली किंवा भांडायची, की हिंदी सुरू. पहिल्या दिवशी मी तिला अहो-जाहो करायला लागले तर म्हणाली, "मावशी म्हणतेस ना? मग तू म्हण. अहो म्हटलं की मला वाटतं पालक-सभा आहे."

गेमचा डबा तिच्याकडे आला तो भाच्यामुळे. धाकट्या बहिणीचा मुलगा निखिल नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि जाताना डबा मावशीकडे सांभाळायला ठेवून गेला. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाहेर लूचे भाजणारे झोत चालू होते, दार उघडायची सोय नव्हती. मावशीनं कंटाळून डब्याचं बटण दाबलं, आणि मग ते काही तिनं बंद केलं नाही. निखिल तिथून नवेनवे गेम पाठवायचा. त्याची अट एकच : खेळून झाला की रविवारी फोनवर निकाल सांगायचा. मावशीनं आयुष्यभर पेपर तपासलेले. ती खरोखरच पास-नापास करायची.

रविवारी सकाळी मी मुद्दाम खाली जाऊन बसायचे. मोटारींच्या शर्यतीचा गेम आला तेव्हाचा निकाल मला अजून पाठ आहे. "अरे निखिल, रस्ता बघितलास का यातला? एकदम रिकामा! ना सांड, ना ई-रिक्षा, ना कुणाची बारात. असल्या रस्त्यावर गाडी पळवण्यात कमाल कसली? मैदागिनच्या चौकातून काढून दाखवा म्हणावं. नापास."

भुताचा गेम तर तिनं फारच मनाला लावून घेतला. एका ओसाड बंगल्यात शिरून किल्ल्या शोधायच्या आणि कुठूनही पांढऱ्या कपड्यांतली बाई अंगावर यायची. मी उशी तोंडावर धरून बसले होते. मावशी त्या बाईकडे बघून म्हणाली, "अगं, किती वाळलीस!" नंतर निखिलला सांगितलं, "मणिकर्णिकेचं स्मशान आमच्या हाकेच्या अंतरावर, आणि तू मला भूत पाठवतोस? भूत बिचारं ठीक आहे, मेहनत करतं. पण घर बेकार बांधलंय. एवढ्या मोठ्या बंगल्यात दिव्याचं एक बटण नाही?"

शेतीच्या गेममध्ये मात्र ती रमली. आज पेरलं की परवा भोपळा, आणि गावातले सगळे गोड बोलणारे. "सकाळी घराबाहेर पडलं की शेजारी म्हणतो, आज तुम्ही किती छान दिसताय. बनारसमध्ये जन्म गेला, मला कुणी असं म्हटलं नाही. मन रमलं, पण विश्वास नाही बसला. ग्रेस देऊन पास."

एकाच गेमचा निकाल तिनं हसत दिला नाही. युद्धाचा होता. हातात बंदूक घेऊन पडक्या शहरातून पुढं जायचं. मावशी एका भिंतीआड जाऊन बसली आणि पुढं सरकेचना. मी म्हटलं, "मावशी, तो समोरचा तुला मारेल." ती म्हणाली, "तो कोण आहे? त्यानं काय केलंय? कुणी काही सांगितलं नाही, नुसतं मार म्हणतात. असं कसं मारू?" बराच वेळ ती तशीच बसली, बाकीचे सैनिक लढून आले, आणि मग तिनं गेम काढून परत खोक्यात ठेवला. निखिलला एवढंच म्हणाली, "पेपर तपासला नाही. प्रश्नच चुकीचा आहे."

आणि माकडाचा किस्सा. थंडीत ती उन्हासाठी गच्चीवर बसायची. एकदा सेल बदलायला कंट्रोलर बाहेर आणला आणि क्षणात माकडानं तो पळवला. शेजारच्या कठड्यावर बसून ते बटणं चावू लागलं. मी काठी शोधायला धावले. मावशी शांतपणे उठली, भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी घेऊन आली आणि कठड्यावर ठेवली. "हे घे, महाराज. ते तुझ्या कामाचं नाही. त्यात आमचा सगळा जीव अडकलाय." माकडानं हरभरे खाल्ले आणि कंट्रोलर गल्लीत फेकला. तो एका दूधवाल्याच्या कळशीत पडला. मावशीनं तो धुऊन-पुसून, चार दिवस तांदळात पुरून ठेवला आणि पुन्हा चालू केला. त्यानंतर त्याचं एक बटण कायम चिकट राहिलं. गेममधला माणूस अधूनमधून उगीचच उडी मारायचा. मावशी म्हणायची, "बजरंगबलीचा प्रसाद."

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या थंडीत निखिलनं एक वेगळाच गेम पाठवला. पाण्यात बुडालेलं एक शहर, त्यातून वाट काढणारे दोन प्रवासी. एकाच्या हातात दिवा, दुसऱ्याच्या हातात किल्ली. दिवा धरल्याशिवाय दार दिसायचं नाही आणि दार उघडल्याशिवाय दिव्याला पुढं जाता यायचं नाही. एकट्यानं तो खेळताच येत नव्हता. मावशीनं दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी पहिल्याच पायरीवरून पाण्यात पडले, मग परत पडले, आणि तिसऱ्यांदा तिलाही सोबत घेऊन पडले. ती म्हणाली, "बेटा, तू बँकेतच ठीक आहेस."

तिनं लगेच निखिलला फोन लावला. "दुसरं माणूस कुठून आणू मी?"

फोन स्पीकरवर होता. निखिल म्हणाला, "आई आहे ना. संकठा घाटावरून चालत येईल."

मावशीनं फोन ठेवला. तिची बहीण त्याच शहरात राहते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी विचारल्यावर तिनं सांगितलं ते फार थोडं. वडिलांना लकवा झाला तेव्हा दोघी तरुण होत्या. शकूला पुण्याला एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, धाकट्या कुसुमला नागपूरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. एकीला घरी थांबणं भागच होतं. "मी थांबले. ती गेली. बस." कुसुमनं नागपुरातच लग्न केलं. वडील पुढं बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होते. ते गेल्यावर तेराव्याला दोघींची काहीतरी बोलाचाली झाली आणि तेव्हापासून अबोला. यजमान गेल्यावर कुसुम बनारसला परतली, संकठा घाटाजवळ राहू लागली, तरी अबोला तसाच. भाजीवाल्याकडे दोघींची गाठ पडली तर एकमेकींकडे पाठ करून एकाच टोपलीतले मटार निवडायच्या, असं मला नंतर त्या भाजीवाल्यानंच सांगितलं.

तो गेम टीव्हीजवळ तसाच पडून राहिला. मावशी जुनेच गेम खेळायची, पण तिचं लक्ष नसायचं. एका सुट्टीच्या दिवशी ती मला म्हणाली, "जरा संकठाजीकडे जाऊन ये. कुसुमला सांग, टीव्ही बघायला ये म्हणावं. माझं नाव नको घेऊस."

"मग कुणाचं घेऊ?"

"निखिलचं घे."

कुसुममावशीनं दार उघडलं. ओले हात पदराला पुसत माझं बोलणं ऐकून घेतलं. "निखिलनं बोलावलंय? शकूच्या घरी?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खोटं बोलायची सवय दिसत नाही तुला." मग आत जाऊन बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला, दाराला कुलूप लावलं आणि माझ्यापुढं चालू लागली.

पहिल्या दिवशी दोघी फक्त गेमपुरतं बोलल्या. "दिवा धर." "धरलाय." "उजवीकडे." "माझ्या उजवीकडे की तुझ्या?" "दोघींची उजवी एकच आहे, समोर बघ!" चिकट बटणाचा कंट्रोलर मावशीनं मुद्दाम बहिणीला दिला होता. तिचा प्रवासी उगीचच उड्या मारत पाण्यात जायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर कुसुममावशी म्हणाली, "लहानपणी पतंग उडवतानाही मला फाटकाच द्यायचीस." मावशी हसू दाबायला खोकली. दुसऱ्या दिवशी चांगला कंट्रोलर बहिणीच्या बाजूला ठेवलेला मी पाहिला.

मग रोजचंच झालं. बँकेतून परत यावं तर दोघी तख्तावर, स्वयंपाकघरात वरण करपलेलं, आणि मोठमोठ्यानं भांडण चाललेलं. पण ते भांडण पुलांचं, दारांचं, कुणी आधी उडी मारली त्याचं असायचं. जुन्या गोष्टीला दोघी शिवत नव्हत्या.

शेवटचा टप्पा आला तो एका रविवारी दुपारी. मीही लाडू खात बसले होते. शहर संपलं आणि समोर मोठी नदी आली. पूल पाण्याखाली होता. एका बाजूचं भलंमोठं चाक फिरवून धरलं की तो वर यायचा, सोडलं की बुडायचा. म्हणजे एकीनं चाक धरून इकडेच राहायचं आणि दुसरीनं पलीकडे जायचं. दोघींना ते एकदमच कळलं. मावशीनं आपला प्रवासी चाकाजवळ नेला.

"तू जा," ती म्हणाली.

कुसुममावशीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "तेव्हाही हेच म्हणालीस. तू जा. मी गेले. आणि मग का गेलीस म्हणून आयुष्यभर माझ्याशी बोलली नाहीस."

मी उठायला लागले. मावशीनं माझा हात धरून मला खाली बसवलं, पण बोलली ती बहिणीशी. "गेलीस त्याचं नाही गं. जा असं मीच म्हटलं होतं, मनापासून म्हटलं होतं. पण तू एकदा तरी म्हणायचं होतंस, शकू, मी राहते, तू जा म्हणून. मी गेलेच नसते. पण तू म्हणायला हवं होतंस."

खालून फुलवाल्याची हाळी आली आणि गेली. कुसुममावशीनं चष्मा काढून पुसला, परत घातला. "मला भीती वाटली," ती म्हणाली. "मी म्हटलं असतं आणि तू खरंच गेली असतीस तर?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग जोरात हसली. "म्हणजे तुला माझ्यावर तेवढाही भरोसा नव्हता!"

"नव्हता," कुसुममावशी म्हणाली. तिनं कंट्रोलर उचलला आणि आपल्या प्रवाशाला चाकाजवळ आणून मावशीच्या प्रवाशाला बाजूला ढकललं. "आता हट तिथून. मी धरते चाक. तू जा."

"मी मोठी आहे."

"म्हणून आधी जा. हात दुखतायत माझे, चल!"

मावशी पूल पार करून गेली. पलीकडे काय होतं ते तिला धड दिसलंच नाही, कारण ती दोन्ही डोळे पदरानं पुसत होती आणि गेम बनवणाऱ्यांना बनारसी शिव्या घालत होती. संध्याकाळी निखिलला फोनवर निकाल सांगितला, "पास. पण शेवटचा प्रश्न फार कठीण काढलाय." पलीकडून निखिलनं नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

गोष्ट तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण कुसुममावशी चिवट बाई. आठवडाभरानं ती आपलं सामान घेऊन आली आणि म्हणाली, "घर मी बघते. तुला कुठं जायचं होतं?" मावशी गोंधळली. पुण्याला आता जाऊन काय करणार? एम.ए. करायचं वय राहिलं नव्हतं. बराच विचार करून म्हणाली, "समुद्र नाही पाहिला मी. आपण मूळचे गुहागरकडचे म्हणतात, आणि मी गंगेपलीकडे काही पाहिलंच नाही." ओळखीतून ओळख काढून आम्ही गुहागरच्या एका शिक्षिकेकडे तिची राहायची सोय केली. स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघी गेलो. गाडी सुटेपर्यंत कुसुममावशी तिला लोणच्याची बरणी आडवी ठेवू नकोस, हेच बजावत होती.

ती परतायच्या आत माझी बदली झाली. नंतर फोनवर बोलायचो, पण त्या गल्लीत राहणं काही पुन्हा झालं नाही. गेल्या वर्षी मावशी गेली, झोपेतच, बहीण शेजारच्या खोलीत असताना. कुसुममावशीनं कळवलं, तेव्हा मला आठवला तो गुहागरहून तिनं केलेला पहिला फोन. मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं होतं, "पाहिलास का समुद्र? कसा वाटला?"

"पाहिला ना," ती म्हणाली. "बघून झाल्यावर काय करायचं ते कळेना. म्हणून बसून राहिले."

"किती वेळ?"

"काय माहीत. भरतीचं पाणी पदराला लागलं, तरी उठावंसं वाटेना."