सांगायचं राहिलेलं उत्तर

नात लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकते आहे. एक ओळ लिहिली की खाली लगेच उत्तर. आज मात्र उत्तर येईना. "आजी, उत्तर दाखव असं लॅपटॉपला सांगायलाच विसरले," ती हसली, आणि मला अकोल्याचा फलाट आठवला.

साठच्या दशकातलं अकोला. कपाशीच्या वाणांचा हिशेब करायला लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम कॉलेजमार्फत मुंबईच्या संगणकाकडे गेला होता. महिनाभर जीव थाऱ्यावर नव्हता. पार्सल आलं त्या दिवशी बाबा जिनिंग कारखान्यातून थेट स्टेशनावर आले, केसांत कापूस तसाच. मी फलाटावरच पुडकं फोडलं. कागद कोरा. शाईचा वासही नाही.

"कावून वं? मशीनले जमलं नाई?"

"जमलं, बाबा. तिनं हिशेब केला असंन. उत्तर छाप म्हणून मीच लिवलं नाई."

"मंग पुन्ना धाड."

त्या संगणकावर पुन्हा पाळी मिळालीच नाही.

हे सारं ऐकता ऐकता नातीनं ओळ जोडली, उत्तर उमटलं. "आजी, तुझाही हिशेब आत्ता करू. आकडे सांग."

मी उठले, खोलीत येरझाऱ्या घातल्या. आकडे काही केल्या आठवेनात.