मैत्रिणीच्या छताचा रिपोर्ट

मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. मैत्रिणीच्या घराच्या छतात ॲस्बेस्टॉस निघालं, ते शोधणारी मीच होते, आणि मायक्रोस्कोपवर वाकलेली असताना मला आतून गुदगुल्या झाल्या.

नागपूरला आम्ही दोघी जिऑलॉजीच्या एकाच वर्गात होतो. एम.एस्सी.ला मी पहिली आले, ती कशीबशी सेकंड क्लासमध्ये निघाली. मायक्रोस्कोपखाली कुठलाही दगड ठेवला तरी तिला सगळे सारखेच दिसायचे. तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीतली निम्मी चित्रं माझ्या हातची आहेत. लग्न होऊन मी इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यालाही इथेच नोकरी मिळाली, तेव्हा आपलं माणूस येणार म्हणून मी आठवडाभर हवेत होते.

पण आल्यावर वर्षभरातच तिनं घर घेतलं. तीन बेडरूमचं, पुढे गोल खिडकी, मागे सफरचंदाचं झाड. आम्ही बेलग्रेव्ह रोडवर साड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत भाड्यानं राहत होतो आणि माझा नवरा सोमवार ते शुक्रवार प्रोजेक्टसाठी ग्लासगोला असायचा. तिला तीन वर्षांची मुलगी होती. आम्हाला मूल होत नव्हतं. तिच्याकडून घरी परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात तिच्या घराचे पडदे बदलायचे.

तिच्याकडे नसलेली एकच गोष्ट माझ्याकडे होती, ती म्हणजे नोकरी. गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या लॅबमध्ये मी लागले होते. जुन्या घरांमधून, शाळांमधून काढलेले फरशीचे, पाइपच्या आवरणाचे, छताच्या गिलाव्याचे तुकडे पिशव्यांतून आमच्याकडे यायचे आणि त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही ते आम्ही सांगायचो. त्याचे तंतू धुळीतून श्वासात गेले तर पुढे कित्येक वर्षांनी फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. छतांचे तर खूपच. सत्तरच्या दशकात इथे छताला श्रीखंडासारखा दाट लेप लावून त्यावर ब्रशनं नाहीतर फणीनं नक्षी काढायची पद्धत होती, आणि तो लेप बळकट व्हावा म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस मिसळत.

एका रविवारी चहा पिताना ती वर बघून म्हणाली, "हे सीलिंग मला अज्जिबात आवडत नाही गं. किती ओल्ड-फॅशन्ड! पुढच्या सोमवारी बिल्डर येतोय. सगळं खरवडून स्मूद करणार, मग स्पॉटलाइट्स."

मी कप खाली ठेवला. "खरवडू देऊ नकोस. आधी टेस्ट करू."

इथपर्यंत मी मैत्रिणीसारखीच वागले. दुसऱ्या दिवशी मास्क घालून स्टुलावर चढले, पडद्यामागच्या कोपऱ्यात पाणी फवारून नखाएवढा तुकडा काढला, ती जागा बुजवली आणि तुकडा दोन पिशव्यांत बंद करून लॅबमध्ये नेला.

ॲसिडमध्ये टाकला तसा तो फसफसला. खाली उरलं ते धुऊन, वाळवून काचेवर घेतलं. आणि दिसले. तलम, किंचित नागमोडी तंतू, रेशमासारखे. पांढरं ॲस्बेस्टॉस. तेव्हाच मला त्या गुदगुल्या झाल्या. असू दे गोल खिडकी, असू दे सफरचंदाचं झाड, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आमच्या सुपरवायझर बाईंनी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा पाहिलं, सही केली आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीला घाबरू नको म्हणून सांग."

मी कार पार्कमध्ये जाऊन फोन लावला.

"आहे," मी म्हणाले.

"काय आहे?"

"ॲस्बेस्टॉस. तुझ्या छतात."

ती म्हणाली, "ओ गॉड. मग आता काय करायचं? डेंजरस आहे का?"

याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. अनोळखी लोकांना मी ते रोज फोनवर द्यायचे. छत धड असेल, फुटलेलं किंवा पोपडे सुटलेलं नसेल तर त्याला हात लावू नका. खरवडू नका, घासू नका. तसंच राहू दिलं तर धोका फार कमी असतो, आणि नको असेल तर जाणकार माणसाकडून वरून बोर्ड लावून झाकून घ्या. एका मिनिटाचं काम. तिचं छत धड होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

मी म्हणाले, "मी तुझ्या जागी असते तर मुलीला त्या घरात झोपवलं नसतं."

यात खोटं असं काही नव्हतं, असं मी फोन ठेवल्यावर स्वतःला समजावलं. खरंच नसतं झोपवलं कदाचित. कोण सांगणार?

दोन दिवसांनी ती मुलीला घेऊन लंडनजवळ इल्फर्डला नणंदेकडे गेली. नवरा ऑफिसजवळ एका मित्राकडे राहायला गेला. घराची किल्ली तिनं माझ्याकडे दिली. "तुला यातलं कळतं म्हणून तुलाच सांगते. झाडांना पाणी घाल, पण आत जास्त थांबू नकोस हं."

मी थांबायचे. कामावरून सुटले की बस बदलून तिच्या घरी जायचे, झाडांना पाणी घालायचे आणि मग गोल खिडकीपाशी तिच्या सोफ्यावर बसून चहा प्यायचे, तिच्याच कपातून. एकदा कार्पेटवर उताणी पडून तासभर त्या छताकडे बघत होते. शिंपल्यांसारखी अर्धवर्तुळं, एकात एक अडकलेली, कुणीतरी मनापासून काढलेली. मला ती आवडली. या घरात मी राहिले असते तर तशीच ठेवली असती, असं वाटलं. भीती मला एकदाही वाटली नाही, कारण भिण्यासारखं काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक असलेली आमच्या दोघींमधली मी एकटीच होते.

अशीच एका संध्याकाळी मी तिथे असताना तिचा मोबाइलवर फोन आला. ती रडत होती.

"हिला खोकला झालाय. डॉक्टरकडे नेलं होतं, तो म्हणतो साधी सर्दी आहे. पण त्याला काय माहीत? तुला आठवतं, हिच्या वाढदिवसाला मी फुगे लावले होते? सीलिंगला टाचण्या टोचून टोचून लावले गं. मीच केलं हे. माझ्याच हातानं केलं."

मी त्या वाढदिवसाला होते. टाचण्या तिच्या हातात मीच देत होते.

"ऐक," मी म्हणाले. "खोकल्याचा आणि छताचा काही संबंध नाही. चार टाचण्यांनी काही होत नाही. ते छत चांगलं आहे. खरवडलं असतंस तर प्रश्न होता. नुसतं असण्यानं फारसा धोका नसतो."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस."

"नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुला अर्धंच सांगितलं."

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"का?" तिनं विचारलं.

मी काहीही सांगू शकले असते. "तुझं घर मला हवं होतं," मी म्हणाले. "म्हणजे खरं घर नाही. तुझं सगळंच. मला तुझा इतका हेवा वाटायचा की…"

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिचा फोन आला. तिनं मला नाही, सुपरवायझर बाईंना फोनवर बोलावलं. बाई वीसएक मिनिटं तिच्याशी बोलल्या, मग सगळं कागदावर लिहून त्यांनी पोस्टानं पाठवलं. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू हे सांगितलं असशील."

"नव्हतं सांगितलं," मी म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण त्यानंतर काही महिने मला कुणाच्या घरचे फोन दिले नाहीत.

ती परत आली. माहितगार माणसं बोलावून तिनं शिंपल्यांवर बोर्ड लावून घेतले, त्यावर गुळगुळीत प्लास्टर. किल्ली न्यायला तिचा नवरा आला. दारातच उभा राहून "थँक्यू" म्हणाला, त्यामुळे तिनं त्याला काही सांगितलं नसावं असा मी अंदाज केला. तिनं माझी लाज राखली होती, हे मला जास्त लागलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचं बोलावणं आलं. मी गेले. खोली उजळ दिसत होती, बायका वर बघून कौतुक करत होत्या. मलाही तिळगूळ मिळाला, वाण मिळालं. एका नव्या बाईंनी विचारलं, "आणि या कोण?"

"या आमच्या ओळखीच्या," ती हसून म्हणाली. "लॅबमध्ये असतात."

नागपूरपासूनच्या इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही अहोजाहो केलं नव्हतं. मी वाण पिशवीत ठेवलं, तिच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि सगळ्यांच्या आधी निघाले. बसमध्ये बसल्यावर पाहिलं तर अजूनही मला त्या खिडकीचा हेवा वाटतच होता, आणि आता तिच्याकडे बसलेल्या प्रत्येक बाईचाही वाटत होता.