लांबलेली नमाज

शेजारच्या नसीमकडे मी संध्याकाळी डबा परत द्यायला गेले, तेव्हा दार उघडंच होतं आणि ती नमाज पढत होती. मी उंबऱ्याशीच थांबले. तिने कपाळ जमिनीला टेकवलं, तशी तिची दीड वर्षाची झोया दुडदुडत आली आणि आईच्या पाठीवर चढून घोडा घोडा खेळू लागली. मुलीला उचलून घ्यावं, असं मला वाटलं. पण नसीम जराही हलली नाही. मन भरल्यावर झोया आपणहून घसरत खाली उतरली, आणि तेव्हाच आईने डोकं वर केलं.

नमाज संपल्यावर मी म्हटलं, "आज हिने मोडलीच की तुझी नमाज."

"मोडली नाही ताई, लांबली," नसीम हसली. "कितीतरी वर्षं याच चटईवर बसून हिला मागितलं. आता ती पाठीवर येऊन बसली, तर खाली कशी उतरवू?"

देवासाठी निवांतपणा हवा, असं आपण धरून चालतो. आई झालेल्या बाईला तो मिळत नाही, आणि तिच्या देवाचं त्यावाचून काही अडतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसले, तर माझा लेक मांडीत येऊन बसला. परडीतली सगळी फुलं त्याने एकट्या बाळकृष्णावर ओतली. बाकीचे देव तसेच राहिले.

"यांना नकोत का?" मी विचारलं.

त्याने जरा विचार केला आणि माझं बोट धरलं. निरांजन तेवत ठेवून आम्ही दोघं अंगणात फुलं तोडायला गेलो.