विळीचं पान

इथे आखातात, अरादच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, एक झेक चित्रकर्ती आपल्या मुलीकडे राहायला आल्या. वय सत्तरीच्या पुढचं. त्यांच्या तरुणपणी सरकारला न रुचणारी चित्रं कुठे टांगता येत नसत. मुलांच्या पुस्तकांवर सरकारची नजर त्या मानाने कमी असे, म्हणून त्या तिकडे वळल्या आणि जन्मभर तेच केलं.

मी इथल्या मराठी मंडळाचा शुक्रवारचा मुलांचा वर्ग घेते. वर्गासाठी बारा चित्रांचं पुस्तक हवं होतं. त्या हौसेने तयार झाल्या. मला वाटलं, सुटले.

सुटते कसली! न पाहिलेली वस्तू त्या काढत नसत. स्वयंपाकघराच्या पानावर मंडळाच्या समितीला विळी हवी होती.

"दाखव," त्या म्हणाल्या.

"इंटरनेटवर बघा ना."

"त्याच्यावर भाजी चिरता येते?"

माझ्याकडे विळी कुठली? इथे वीस वर्षं सुरीवर निभावलंय. शेवटी शेजारच्या हिद्द गावात मूळच्या रत्नागिरीच्या एका खालांकडे मिळाली. "परत आणशील ना गं? सासूची आहे," त्यांनी तीनदा बजावलं.

चित्रकर्तीबाईंनी आधी स्वतः बसून चार भेंड्या चिरल्या. मग मला बसवलं. ऑफिसातून येऊन नुकता गाउन चढवला होता, गळ्यातलं कार्ड काढायचं राहिलं होतं. एक गुडघा दुमडेना, तो पाय पसरून दीड तास बसले. त्यांनी सगळं जसंच्या तसं काढलं.

समितीत चित्र पाहून अध्यक्षांनी चष्मा सावरला. "अहो मॅडम, गाउन? निदान साडी तरी!"

"आणि गळ्यात कार्ड? कोण आहे ही?" खजिनदार.

"मी."

"तसं नाही हो. पण संस्कृती म्हणून काही..."

तासभर भांडले. मत माझं एकटीचं पडलं. वर जाऊन सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "असले बदल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता नाही. पान गाळा हवं तर."

समितीने तयार चित्र शोधून टाकलं. नऊवारी, नथ, गजरा, विळी. पुस्तक छापून आलं. पहिली प्रत मी वर नेली. बाईंनी त्या पानावर बोट ठेवलं.

"हिची भेंडी चिरली जाणार नाही."

पाहिलं, तर पात्याची धार पलीकडे होती. विळी उलटी! साडीवरून भांडण्याच्या नादात मीही पातं पाहिलं नव्हतं.

अध्यक्षांना फोन केला. "जाऊ दे हो, मुलांना कुठे कळतंय? पुढच्या आवृत्तीत बघू, इंशाल्ला."

मी बाईंकडून मूळ चित्र मागून घेतलं, ऑफिसात रंगीत प्रती काढल्या आणि वर्गात वाटण्याआधी एकेका पुस्तकात त्या पानावर डिंकाने चिकटवल्या. दोन संध्याकाळी गेल्या. बोटं अजून चिकट आहेत.

समितीकडून अद्याप तक्रार नाही. पुस्तक उघडलं तर येईल.